कासव कवच काढून ठेवतं का?

परवा भाचीला घेऊन आमच्या इथल्या शंकराच्या देवळात गेले होते. गाभाऱ्यासमोर फरशीत ते दगडी कासव असतं ना, तिथे ती फतकल मारून बसली आणि कासवाच्या मानेपाशी बोट खुपसून आत काय आहे ते बघायला लागली. वय वर्षं पाच. मग वर बघून म्हणे, "मावशी, हे अंघोळीला जाताना घर काढून ठेवतं का गं?"

तिच्या चित्रांच्या पुस्तकात तसंच दाखवलंय, कासव शर्ट काढावा तसं कवच काढून खुंटीला लावतं, कार्टूनमध्ये पण हेच. पोरांचा मग पक्का समज होतो की आत एक मऊ मऊ प्राणी राहतो आणि वरचं ते त्याचं घर. मला हे खरंच खटकतं, कारण घर समजलं की त्याच्यावर ठोकून बघावंसं वाटतं, कोणी आहे का आत!

म्हणून तिथेच तिच्या पाठीवर बोट फिरवून दाखवलं, हा बघ तुझा कणा, ह्या दोन्ही बाजूंच्या बरगड्या. कासवाच्या बरगड्या रुंद आणि चपट्या होऊन एकमेकींना आणि कण्याला चिकटलेल्या असतात, तीच त्याची पाठ. पोटाकडे अजून एक कवच असतं आणि वरचं-खालचं मिळून पन्नास-साठ हाडं असतात. म्हणजे कवच काढायचं तर कणाच काढावा लागेल. आणि हाडांवर जे नक्षीचे चौकोन-षटकोन दिसतात ते आपल्या नखासारख्या पदार्थाचे असतात. तिला म्हटलं, नखावर टिचकी मारून बघ, कळतं ना? तसंच त्यालाही कळतं. तिने मारून बघितली, दोनदा.

कवचाला रंग लावणारी, खडे चिकटवणारी, अगदी भोक पाडून दोरी बांधणारी माणसं असतात हो. ते जिवंत हाड आहे, भोक पाडलं की दुखतं, रक्त येतं. हे लहानपणीच कानावर पडलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आता गंमत ऐका. बरगड्या अशा घट्ट चिकटल्यामुळे आपली छाती श्वास घेताना जशी वरखाली होते तशी त्याची होऊच शकत नाही, मग ते पायांजवळचे आणि पोटाचे स्नायू हलवून आतली हवा आत-बाहेर करतं. आणि घाबरून डोकं-पाय झटकन आत घेतले की आत जागा कमी पडते आणि हवा बाहेर ढकलली जाते, म्हणून "फुस्स" असा आवाज येतो. पोरांना वाटतं रागावलं, सापासारखं फुत्कारलं. भाची घरी येऊन गुडघे पोटाशी घेऊन अर्धा तास फुस्स फुस्स करत होती.

दात नसतात, पोपटासारखी कडक चोच असते, तिनेच पानं तोडतं.

मराठीत एक घोटाळा आहे, आपण सगळ्यांनाच कासव म्हणतो. जमिनीवरचं वेगळं, नदी-तळ्यातलं वेगळं, समुद्रातलं वेगळं. पाय बघितले की ओळखता येतं. जमिनीवरच्याचे हत्तीसारखे खांबागत पाय, तळ्यातल्याच्या बोटांमध्ये पडदा, समुद्रातल्याचे तर पाय म्हणजे वल्हीच, आणि त्याला डोकं-पाय आत घेताच येत नाहीत. हा फरक नुसता शाळेपुरता नाही. जमिनीवरचं स्टार कासव कोणाला रस्त्यावर सापडतं (पिवळ्या चांदण्यांची नक्षी असते पाठीवर, फार देखणं), आणि बिचारे लोक चांगल्या मनाने ते देवळाच्या तळ्यात सोडून येतात. त्याला पोहता येत नाही, ते बुडून मरतं. सापडलं तर तळ्यात सोडू नका आणि घरीही ठेवू नका, कायद्याने बंदी आहे, वनखात्याच्या १९२६ नंबरवर फोन करा. आणि काचेच्या भांड्यात विकतात ती डोळ्यामागे लाल पट्टा असलेली छोटी हिरवी कासवं मूळची अमेरिकेतली, मोठी झाली की लोक कंटाळून तलावात सोडतात आणि मग आपल्याकडच्या कासवांच्या खाण्यावर आणि जागेवर ती डल्ला मारतात, तेव्हा वाढदिवसाला ती आणूच नका प्लीज.

वय विचारलंच तिने. सेंट हेलेना बेटावरच्या जोनाथन नावाच्या कासवाचं सांगितलं. त्याला १८८२ साली तिथे आणलं तेव्हाच तो पूर्ण वाढलेला होता, त्यावरून जन्म साधारण १८३२ चा धरतात, म्हणजे आपल्याकडे १८५७ चा उठाव झाला तेव्हा हा पंचविशीत! आणि १९६८ च्या सप्टेंबरात रशियाच्या झोंड ५ यानातून दोन कासवं चंद्राला फेरी मारून जिवंत परत आली, माणूस चंद्राजवळ पोचायच्या आधी. यान उतरलं कुठे, तर आपल्या हिंदी महासागरात. ससा-कासवाच्या शर्यतीपेक्षा ही गोष्ट तिला जास्त आवडली.

शेवटी आजी मधे बोलली, की कासवी लांबूनच नुसत्या नजरेने पिल्लं वाढवते. संतांच्या अभंगांत हे येतं आणि मला ते फार गोड वाटतं, देवाच्या मायेबद्दल आहे ते. पण खरी कासवीण रात्री किनाऱ्यावर येते, मागच्या वल्ह्यांनी वाळूत खड्डा करते, शंभरेक अंडी घालते, पिंगपाँगच्या बॉलसारखी, वाळू ओढून अंगाने थोपटून घट्ट करते आणि समुद्रात निघून जाते. परत बघायला येत नाही. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त निघतात, थंड राहिली तर नर.

"मग पिल्लांकडे कोण बघतं?" भाचीचा चेहरा एवढासा झाला.

वेळासचं सांगितलं तिला. रत्नागिरी जिल्ह्यातलं छोटं गाव, तिथे २००२ मध्ये सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना घेऊन काम सुरू केलं, तेव्हापासून ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवांची अंडी कुत्र्या-कोल्ह्यांपासून आणि चोरांपासून जपतात. घरटं हलवून कुंपणाच्या आत पुरतात, वर टोपली झाकतात, दीड-दोन महिन्यांत टोपलीखाली काळपट पिल्लं वळवळायला लागतात, तळहातात मावतील एवढी. त्यांना पाण्यात नेऊन टाकत नाहीत, थोडं अलीकडे वाळूवर सोडतात आणि ती आपली आपण चालत जातात, मागे वाळूत बारीक बारीक रेघा उमटतात.

मार्चमध्ये नेते म्हणून कबूल केलंय. आता रोज फोन येतो, मावशी टोपली मला उचलू देतील का.