वागळे इस्टेट ते अंबड: आमच्या वर्कशॉपची वाटचाल

२०२१च्या दिवाळीनंतर गाळ्याचे मालक पेढे घेऊन आले. मुलाचं लग्न ठरलं होतं. चहा झाला, आणि उठता उठता म्हणाले, "ताई, ही जागा बिल्डरला द्यायचं ठरतंय. वर्षभरात तुम्ही दुसरीकडे बघून ठेवा." माणूस चांगला. पस्तीस वर्षांत भाड्यावरून कधी आवाज चढवला नाही. त्यामुळे भांडायलाही काही नव्हतं.

बाबांनी १९८६ मध्ये ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये हा गाळा भाड्याने घेतला तेव्हा आत दोन जुन्या लेथ आणि एक ड्रिल मशीन होतं. काम तेव्हा जे होतं तेच आजही आहे: स्विचगिअरला, म्हणजे वीज चालू-बंद करणाऱ्या उपकरणांना, लागणारे तांब्या-पितळेचे सुटे भाग. कॉन्टॅक्ट, टर्मिनल, स्टड, पिना. टर्निंग-मिलिंग म्हणजे कातकाम करायचं, बर म्हणजे कडेला राहिलेली धातूची कूस काढायची, चांदीचं प्लेटिंग करून घ्यायचं आणि मोजून पाठवायचं. १ ऑगस्ट १९६२ला एमआयडीसी स्थापन झाली आणि तिची पहिली वसाहत म्हणजे आपली वागळे इस्टेट, हे बाबा प्रत्येक नव्या पोराला सांगत. मी २०११ पासून पूर्णवेळ काम बघायला लागले, तोवर शेजारचे दोन कारखाने जाऊन तिथे काचेच्या इमारती आल्या होत्या. टेम्पो उभा करायला जागा उरली नव्हती. अवजड गाड्यांना शहरात ठरावीक वेळेतच प्रवेश. रात्रपाळी लावली की मागच्या सोसायटीतून तक्रार येई, आणि त्यांचंही चुकत नव्हतं. मालकांनी सांगितलं नसतं तरी दोन-तीन वर्षांत आम्हाला उठावंच लागलं असतं.

मग मी एक दोनशे पानी वही आणली आणि शहरांची नावं लिहिली. भाडं, वाहतूक, वीज, पाणी, प्लेटिंग, कामगार असे रकाने आखले. चार महिने जवळजवळ दर सुट्टीला कुठेतरी जाऊन आले.

वापी लवकर खोडलं. जागा चांगल्या होत्या, हायवे दारात. पण राज्य बदललं की जीएसटी नंबर नवा, ग्राहकांकडे वेंडर म्हणून नव्याने नोंद करायची, आणि आमचे बहुतेक ग्राहक इकडचे. भोसरीत आमच्यासारखी वर्कशॉप गल्लोगल्ली आहेत. मागाल ते मिळतं, हे खरं. पण भाड्यात फारसा फरक पडत नव्हता, आणि चाकण-भोसरीला काम सगळं वाहनांचं. आमच्या पाच-पन्नास किलोच्या ऑर्डरीकडे तिथल्या प्लेटिंगवाल्याने सहानुभूतीने पाहिलं, एवढंच.

छत्रपती संभाजीनगरला मी दोनदा गेले. वाळूज आणि चिकलठाण्यातली कामाची शिस्त बघून मन भरलं. ऐंशीच्या दशकात बजाजचा कारखाना आला आणि त्याच्या भोवती पुरवठादारांची एक अख्खी पिढी तयार झाली, ते दिसतं. आम्हाला अडचण कारखान्यात नव्हती, घरात होती. एमआयडीसीत पाणी होतं, पण ज्या वस्तीत आमची माणसं राहिली असती तिथल्या नळाला पाणी कित्येक दिवसांनी एकदा यायचं. ड्रम भरून ठेवायला घरातलं एक माणूस अडकून राहणार. ज्यांच्या घरी नवरा-बायको दोघं कमावतात त्यांना हे कसं सांगायचं?

कोल्हापूरवर मात्र जीव जडला. आमचं मूळ गाव कराडजवळ. बाबांची इच्छा होती की हलायचंच आहे तर निदान गावाकडे तरी सरकू. शिरोली बघितली, गोकुळ शिरगाव बघितलं, आणि शिवाजी उद्यमनगरात तर दिवसभर नुसती फिरत होते. तेलावरच्या इंजिनांपासून सुरू झालेलं ते गाव. लोखंडाच्या कामाची जाण तिथे बोटांत आहे. एका छोट्या शेडमध्ये सत्तरीच्या गृहस्थांनी माझ्या हातातला कॉन्टॅक्ट घेतला, नखाने धार चाचपली आणि विचारलं, "ह्याला चॅम्फर कोण मारतंय? हात चांगला हाय." कडेची ती तिरकी धार आणि बर, दोन्ही आमचे मिस्त्रीकाका हाताने काढतात. मला त्या क्षणी तिथेच करार करावासा वाटला.

दोन गोष्टी आड आल्या. एक, पूर. २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२१च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि वाहतूक काही दिवस बंद पडली. तांब्याचा माल गोदामात आणि ट्रक पाण्यापलीकडे, हे चित्र मला झोपू देईना. दुसरी गोष्ट अंतराची. ठाण्यापासून पावणेचारशे-चारशे किलोमीटर. आम्ही तांब्याचे रॉड मुंबईत गुलालवाडी-कीका स्ट्रीटवरून घेतो. सकाळी फोन केला की दुपारी दारात. तांबं महाग, म्हणून आम्ही साठा करत नाही, लागेल तसं आणतो. कोल्हापूरला एका खेपेला निदान टनभर उचलावं लागलं असतं आणि तेवढे पैसे रस्त्यावर आणि रॅकवर अडकले असते. बाबांना हिशेब दाखवला. ते बराच वेळ वही बघत राहिले. म्हणाले, "बरोबर आहे तुझं." त्यांना वाईट वाटलं हे मला कळलं, आणि मलाही वाटलं.

नाशिक कागदावर आधीपासूनच पुढे होतं. एबीबी, सीमेन्स, क्रॉम्प्टन अशा कंपन्यांमुळे स्विचगिअरचं काम तिथे जुनं आहे, म्हणजे चांदीचं प्लेटिंग करणारे हवेच असणार. आमचा तिसरा हिस्सा माल तसाही नाशिकलाच जात होता. अंतर दीडशे किलोमीटरच्या आसपास. प्रश्न होता तो नाशिकमध्ये कुठे, याचा: शहरातली अंबडची औद्योगिक वसाहत की सिन्नर. सिन्नरला जागा स्वस्त होती. राज्याच्या सामूहिक प्रोत्साहन योजनेत तालुका जितका मागे तितकी सवलत जास्त, म्हणून सल्लागार सिन्नरचा आग्रह धरत होते. मी नीट विचारल्यावर कळलं की योजनेचा भर नव्या गुंतवणुकीवर आहे. जुनी यंत्रं उचलून नेणाऱ्याच्या हाती त्यातलं फारसं लागत नाही. जे सवलत बघून जागा ठरवतात त्यांना माझं एवढंच सांगणं आहे की ही चौकशी टोकन देण्याआधी करा.

इथवर सगळं वहीत बसलं होतं. कामगार या रकान्यात मी प्रत्येक शहरापुढे "मिळतील" किंवा "अवघड" एवढंच लिहिलं होतं. म्हणजे तिथले मिळतील का, एवढंच. आमची चौदा माणसं येतील का, हे एकदाही विचारलं नव्हतं. ते मिस्त्रीकाकांनी दाखवलं. जेवणाच्या सुट्टीत डबा उघडता उघडता म्हणाले, "ताई, तू सगळं मोजलंस. आमची गावं नाही मोजलीस."

मला आधी अर्थच कळला नाही. मग त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. आमच्यात पाच जण कोकणातले: चिपळूण, खेड, गुहागर, आणि काका स्वतः संगमेश्वरचे. गणपती, शिमगा आणि आईचं आजारपण, सगळं दिवा स्टेशनहून सुटणाऱ्या गाडीवर अवलंबून. नाशिक म्हणजे त्यांच्यासाठी गाव आणखी लांब गेलं. चार जण खानदेशातले: चाळीसगाव, पाचोरा, अमळनेर. त्यांना नाशिकरोडहून चाळीसगाव दोन-अडीच तासांवर. शिवाय अंबडला लागून जे सिडको आहे, नवीन नाशिक म्हणतात ते, तिथे खानदेशातली माणसं इतकी की त्यांचे मावसभाऊ, मेहुणे आधीच तिथे राहत होते. तिघे जौनपूरकडचे, त्यांच्या गाड्या नाशिकरोडला थांबतातच. आणि पॅकिंगच्या दोन मावशी ठाण्यातल्याच, त्यांचा प्रश्नच नव्हता, त्या येणार नव्हत्या.

कोल्हापूर निवडलं असतं तर एकही जण आला नसता. वहीत मी कोल्हापूरपुढे "कामगार: उत्तम" असं लिहिलं होतं.

त्यानंतर मी घरोघरी गेले. कळव्याला आमच्या व्हीएमसी (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन) ऑपरेटरच्या घरी त्याच्या बायकोने मला तीन प्रश्न विचारले: मुलाला शाळेत प्रवेश जूनच्या आधी मिळेल का, तिला शिवणकाम मिळेल का, आणि ईएसआयसीचं, म्हणजे कामगार विम्याचं, हॉस्पिटल किती लांब. सातपूरला ईएसआयसीचं हॉस्पिटल आहे, हे मला ठाऊक होतं. बाकी दोन्ही मी शोधून काढलं आणि तिला फोन करून कळवलं. सिन्नर त्याच दिवशी सुटलं. तिथे जागेचं भाडं वाचलं असतं, पण राहायला सिडकोत आणि कामाला तीसेक किलोमीटर, असं रोज कोण करणार? अंबडला आम्ही वसाहतीतलाच एक गाळा पोटभाड्याने घेतला. एमआयडीसीचे प्लॉट पंचाण्णव वर्षांच्या लीजवर असतात आणि पोटभाडेकरू ठेवायला मूळ धारकाने परवानगी घ्यावी लागते. ती आहे की नाही ते आम्ही आधी बघितलं. विजेच्या लोडचे कागद मात्र बघितले नाहीत. जुन्या धारकाचे ते अपुरे होते, आणि वाढीव लोड येईपर्यंत संगणकावर चालणारं एक सीएनसी यंत्र सव्वादोन महिने ताडपत्रीखाली राहिलं.

चौदापैकी सहा जण आले: खानदेशातले चारही आणि जौनपूरचे दोघं. राहिलेल्या आठ जणांची ग्रॅच्युइटी आणि कायद्याने देय असलेली भरपाई मी एकरकमी दिली. पहिल्या हिशेबात ही रक्कम धरलीच नव्हती. त्यासाठी बाबांनी आपली एक ठेव मोडली आणि मला ते नंतर सांगितलं. पाच जणांना वागळेतच कामं लागली, त्यातल्या तिघांना काकांनी स्वतः नेऊन लावलं.

शाळा धरून २०२३च्या मेमध्ये हलायचं ठरवलं. आधी दोन महिने दोन पाळ्या चालवून पंचेचाळीस दिवसांचा माल तयार करून ठेवला. यंत्रं एकदम नाही, दोन टप्प्यांत हलवली. व्हीएमसीचं हेड लाकडी ठोकळ्यावर टेकवून अक्ष लॉक केले, हायड्रा क्रेनने उचललं, देखरेखीला यंत्राच्या कंपनीचा माणूस उभा. त्याच राज्यात आणि त्याच जीएसटी नंबरावर असल्याने विक्रीचं बिल लागत नाही, डिलिव्हरी चलन आणि ई-वे बिल पुरतं. नवी जागा जीएसटीच्या पोर्टलवर पंधरा दिवसांत नोंदवायची असते. काका तीन महिन्यांसाठी आले, सिडकोत पोरांबरोबर एका खोलीत राहिले. दर यंत्राचं लेव्हलिंग त्यांनी पाणसळीतला बबल बघून तीन-तीनदा करून घेतलं. यंत्राची अचूकता तपासणाऱ्या बॉलबारचा रिपोर्ट आल्यावरच लेथवर हळद-कुंकू वाहिलं.

मग पहिला पावसाळा. एका मोठ्या ग्राहकाने कळवलं की उत्पादनाची जागा बदलली म्हणजे नवं ऑडिट, नवे नमुने, तोवर ऑर्डर थांबलेली. त्यांचा नियम करारात लिहिलेला होता, मी तो वाचला नव्हता. चार महिने गेले. प्लेटिंगचं म्हणाल तर इथे प्लेटिंगवाले होते खरे, पण पहिल्या लॉटला आठ मायक्रॉन सांगितले असताना थर कमी निघाला आणि आठवड्यात कॉन्टॅक्ट काळे पडले. मग दुसरा मिळेपर्यंत तयार माल टेम्पोने परत ठाण्याच्या जुन्या प्लेटिंगवाल्याकडे. त्याच काळात ठाणे-नाशिक महामार्गावर माजिवडा ते वडपे रस्त्याचं रुंदीकरण चालू. चार तासांची खेप सात-आठ तासांची होई. घाटात अडकलेल्या टेम्पोचा ड्रायव्हर रात्री दोनला फोन करायचा आणि मी स्वयंपाकघरात बसून त्याच्याशी बोलत राहायचे, त्याला झोप लागू नये म्हणून.

भाडं जवळपास निम्मं झालं, पण त्यातलं बरंच तांब्याच्या वाढीव साठ्याच्या व्याजात जातं. नफ्यात खरा फरक पडला तो २०२४च्या उत्तरार्धात, रात्रपाळी बिनातक्रार सुरू झाल्यावर आणि नाशिकचे दोन नवे ग्राहक चालत येऊन भेटल्यावर. ५ जून २०२५ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि कसारा घाट टाळता येऊ लागला. आज आम्ही अकरा जण आहोत. नवे पाचही जण इथल्याच आयटीआयतून आले. त्यांना बर काढायला शिकवायला काका वर्षातून दोनदा येतात. शिमग्यानंतर आणि गणपतीनंतर, आधी कधीच नाही.

पुढे दोन गोष्टी आहेत. सिंहस्थ २०२६ ते २०२८ असा आहे, आणि पर्वणीच्या दिवसांत शहराचे रस्ते गाड्यांना बंद राहणार हे धरून आम्ही तांब्याचा साठा ठरवतोय. आणि गाळ्याचा करार २०२८ मध्ये संपतो. स्वतःच्या जागेसाठी सिन्नरचा एक प्लॉट पुन्हा बघितला आहे, कागद वकिलांकडे आहेत. सकाळी सातच्या पाळीला सिडकोतून बस किती वाजता मिळते आणि रात्री परत यायला काय मिळतं, ते आमचा चाळीसगावचा ऑपरेटर पुढच्या आठवड्यात दोन दिवस स्वतः जाऊन-येऊन बघणार आहे.