टेकडीवरची जाळरेषा

वेताळ टेकडी म्हटलं की पुण्यात बोगदे, रस्ता आणि मोर्चे यांचीच चर्चा होते. व्हायलाच हवी. पण उन्हाळा लागला की टेकडी कुठे ना कुठे जळते, त्याची बातमी क्वचितच होते. रोज फिरायला येणारे आम्ही काही जण यंदा जाळरेषेच्या कामात उतरलो.

जाळरेषा म्हणजे गवत-पाचोळा काढून मोकळा केलेला पट्टा. आग तिथवर येते आणि खायला काही नाही म्हणून अडते. मात्र वनखात्याच्या हद्दीत परवानगीशिवाय विळे घेऊन शिरता येत नाही आणि टेकडी काही सगळी एका मालकाची नाही. त्यामुळे आधी कुठला तुकडा कुणाचा ते शोधलं, मग वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज दिला. किती माणसं, कुठले दिवस, अवजारं कुणाची, असे प्रश्न आले. उत्तरं जोडून पुन्हा अर्ज. वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारीपासून धरतात, म्हणजे पट्टे त्याआधी तयार हवेत. परवानगी हातात आली तेव्हा फार दिवस उरले नव्हते.

पट्टा कुठून न्यायचा ते वनरक्षकांनी ठरवलं. आम्हाला वाटत होतं दाट झाडीच्या कडेने न्यावा. ते म्हणाले, "आग माणसं बसतात तिथनं लागते. पायवाट धरा." मग पायवाटेच्या दोन्ही अंगांनी काम सुरू झालं. विळ्यापेक्षा खराटा जास्त चालला, कारण पूर्वी लावलेल्या ग्लिरिसिडियाच्या झाडांची पानं उन्हाळ्याच्या तोंडावर झडतात आणि खाली वाळका थर साचतो. त्यातून बाटल्यांच्या काचा किती निघाल्या, विचारू नका. काढलेलं गवत जाळायचं काम खात्याच्या माणसांचं, तेही वारा पडलेला असताना. राखीव वनात आग लावणं १९२७च्या वन अधिनियमाने गुन्हा आहे. स्वयंसेवकाच्या खिशात काडेपेटी नकोच.

मार्चमध्ये एका संध्याकाळी धूर दिसला. देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून उपग्रहाच्या आधारे आगीचे इशारे फोनवर येतात, त्यासाठी आम्ही नावं नोंदवली होती. पण उपग्रह ठरावीक वेळीच वरून जातो आणि गवताची छोटी आग तेवढ्यात उरकते. इथे डोळेच कामाला आले. आधी वनखात्याच्या १९२६ या मदत क्रमांकावर फोन, मग वर. सुती कपडे, बूट, तोंडाला ओला पंचा आणि हातात कडुनिंबाची ओली डहाळी. आग चढावर धावते, म्हणून तिच्या वरच्या बाजूला उभं राहायचं नाही. जळून गेलेल्या अंगाने यायचं आणि कडा दाबत पुढे सरकायचं. डहाळी जोरात आपटली की ठिणग्या पलीकडे उडतात. झोडपण्यापेक्षा ती दाबून धरायची, हे वनरक्षकांनी तिथेच दाखवलं. एका बाजूने आग पट्ट्यापाशी येऊन खरंच अडली. दुसऱ्या बाजूने उतार जळाला. ज्वाळा विझल्यावरही खोडं आणि वाळलं शेण आतून धुमसत राहतात, त्यामुळे रात्री बराच वेळ माती टाकत फिरावं लागलं.

पुढच्याच आठवड्यात काही उत्साही मंडळी जळक्या उतारावर रोपं लावायला निघाली. हेतू चांगला, पण तो उतार मुळात गवताचाच. तिथे चंडोल जमिनीवर घरटी करतात, गवतात तित्तर असतात. गवत म्हणजे पडीक जागा, ही समजूत वणव्याइतकीच नडते असं माझं मत आहे. आम्ही वनरक्षकांना बोलावलं. त्यांनी सांगितलं, "पावसात गवत आपोआप येईल. खड्डे नका घेऊ, तेवढ्या गाड्या अडवा." वर चढणाऱ्या दुचाकींच्या वाटेवर दगड रचायला खात्याने होकार दिला आहे. ते काम आता चालू आहे, आणि पुढच्या हंगामाचा अर्ज दिवाळी झाली की लगेच द्यायचं ठरलंय.