चिंगीने दूर्वा खाल्ल्या नाहीत

गौरीजेवणाच्या दिवशी सकाळी सातला आजींचा फोन आला. बडोद्याच्या दांडिया बाजारातला जुना वाडा, मी जनावरांची डॉक्टर म्हणून माझं ठरलेलं घर. चिंगी म्हणजे आजींची सशीण. "डॉक्टर, चिंगी दूर्वांना तोंड लावत नाहीये गं."

बाकी काही सांगायची गरजच नव्हती. गणपतीच्या दिवसांत निर्माल्यातल्या दूर्वा निवडून, धुऊन चिंगीला द्यायच्या, हा आजींचा नेम. एरवी ती त्यावर तुटून पडते. ससा दहा-बारा तास खाल्ल्याशिवाय राहिला की त्याची आतडी थंडावायला लागतात आणि पोटात वायू धरतो. सशाला उलटी करता येत नाही, त्यामुळे तोही मार्ग बंद. मी चहा तसाच टाकून निघाले.

वाड्याच्या ओसरीवर चपलांचा ढीग. म्हणजे पुण्याहून लेक-जावई आलेत. आणि चपलांमध्ये नाक खुपसून उभा एक बीगल कुत्रा. बंड्या.

"रात्री दोघांची ओळख करून दिली," लेक कौतुकाने म्हणाली. "बघा ना, किती शहाण्यासारखे बसलेत." तिने मोबाईल पुढे केला. अकरा सेकंदांचा व्हिडिओ. चिंगी जावयाच्या मांडीवर, समोर हातभर अंतरावर बंड्या. घरातले सगळे हसताहेत.

मी तो तीनदा पाहिला. चिंगीचे कान पाठीला चिकटलेले, डोळे इतके ताणलेले की कडेचा पांढरा भाग दिसतोय. आणि नाक हलत नव्हतं. सशाचं नाक जागेपणी सारखं फुरफुरत असतं, तेच थांबलं होतं. बंड्याचं तोंड मिटलेलं, शेपूट ताठ, पुढचा एक पाय उचललेला. बीगल ही जात माणसाने सशांच्या शिकारीसाठीच घडवली. त्या अकरा सेकंदांत तो शिकारीवर होता आणि ती मेल्याचं सोंग घेऊन बसली होती. घरच्यांना ते शहाणपण वाटलं, यात त्यांचा दोष नाही. घाबरलेला ससा सहसा ओरडत नाही, तो गप्प होतो.

मांडीचं मला जास्त लागलं. नोकरीच्या पहिल्या वर्षी मीच एका बाईंना म्हटलं होतं, "मांडीवर घ्या, म्हणजे सुरक्षित." कुत्रा भुंकला, सशाने मागचे पाय झाडले आणि कण्याचं हाड मोडलं. सशाच्या सांगाड्याचं वजन अंगाच्या ८ टक्क्यांच्या आसपास असतं, मांजराचं १२-१३. पण मागच्या पायांत जोर असा, की स्वतःच्याच लाथेने त्याचा कणा मोडतो. तो आवाज अजून लक्षात आहे.

चिंगीला टोपलीत घालून दवाखान्यात आणलं. अंगाचं तापमान ३७.८ सेल्सिअस. माणसाला ती कणकण, पण सशाला ३८.५ तरी हवं. पोट चाचपलं. ढोलासारखं ताणलेलं नव्हतं, म्हणजे आत काही अडकलेलं नसावं. उबेला ठेवलं, कातडीखाली सलाईन दिलं, दुखणं थांबायचं इंजेक्शन दिलं. मग पिंजऱ्यातल्या खाण्याची पातळ पेज करून सिरिंजने तोंडाच्या कडेने, थेंब थेंब.

दुपारी लेकीचा फोन. "बंड्याला परवा निघताना गोचिडांचं औषध लावलं मानेवर. थोडं उरलंय, चिंगीलाही लावू का?" मी जवळजवळ ओरडलेच. त्या औषधात फिप्रोनिल होतं. कुत्र्याला चालतं, पण सशाला त्याने झटके येऊन जीव जाऊ शकतो. बंड्याच्या मानेला तिने नाक लावणंसुद्धा नको होतं. बरं झालं विचारलं!

संध्याकाळी दिव्याच्या वेळी चिंगीने सात लेंड्या टाकल्या. बाजरीएवढ्या, पण टाकल्या.

तिला माडीवरच्या खोलीत ठेवलं, दाराला बाहेरून कडी. बंड्याच्या अंगाला एक फडकं पुसून तिच्या खोलीच्या कोपऱ्यात टाकलं आणि तिच्या गवतातलं फडकं त्याच्या अंथरुणात. आधी वास पोचू दे, भेट नंतर. माणसं एकदम समोरासमोर भेटतात, तशी भेट नको.

दुसऱ्या दिवशी, विसर्जनाचे ढोल सुरू व्हायच्या आत, जावयाने बंड्याला सुरसागर तलावापर्यंत चांगला दमवून आणला. चिंगी जाळीच्या कुंपणात, तिच्याजवळ दोन्ही बाजूंनी दारं कापलेलं खोकं. एका दाराशी कुणी आलं तर दुसऱ्यातून निसटता यायला हवं, नाहीतर ते खोकं सापळाच. बंड्या पट्ट्याला, खोलीच्या दुसऱ्या टोकाला.

आला तसा तो थरथरायला लागला, नजर खिळली. "बाहेर," मी म्हटलं. लेकीचं तोंड उतरलं. पुन्हा आणलं, आणखी लांब, दाराबाहेर. आता त्याने चिंगीवरून नजर काढून जावयाकडे पाहिलं की लगेच चीजचा तुकडा. बघितलं म्हणून नाही, बघणं सोडलं म्हणून. तिसऱ्या खेपेला तो आडवा झाला, जांभई दिली, हनुवटी फरशीला टेकवली. पाच मिनिटं झाली आणि आम्ही थांबलो.

"म्हणजे आता उद्या मोकळे सोडू?"

"नाही."

"पण तो तर काहीच करत नाही हो, डॉक्टर."

"चिंगी धावली की करेल."

जावई काही बोलले नाहीत. आजींनी तेवढ्यात बंड्याला जिन्याखाली घालवून कडी लावली होती. रात्री नऊला त्यांचा फोन आला. ओंजळभर दूर्वा संपल्या होत्या. आणि पिंजऱ्याखालच्या वर्तमानपत्रावर त्यांनी लेंड्या मोजल्या होत्या. "एकशे चार. पुरे का गं?"

"पुरे, आजी."

"सकाळी परत मोजते."