चिऊचा घास आणि मागे खणणारा बाप

आज दुपारी जेवण झाल्यावर सहज फ्रेंच चित्रकार मिलेची चित्रं बघायला घेतली आणि एकाच चित्रापाशी तासभर अडकून बसले. १८६० च्या आसपासचं आहे, फ्रान्समध्ये लीलच्या म्युझियममध्ये असतं. उंबऱ्यावर तीन पोरं ओळीनं बसलीत, डोक्याला टोपडी, समोर आई बुटक्या स्टुलावर पुढे वाकून लाकडी चमच्यानं भरवतेय, आणि मधलं पोरगं असं आ करून मान पुढे काढतंय की बघूनच आपलं तोंड उघडतं. चित्राचं नाव ला बेके, म्हणजे पक्षीण पिल्लाच्या चोचीत घालते तो घास. आपला चिऊचा घासच की! मला एकदम भरूनच आलं.

झूम केल्यावर मागे घराच्या कडेला बाप दिसला, एवढासा, वाकून खणतोय. आधी दिसलाच नव्हता. मिलेनं स्वतःच लिहून ठेवलंय की हे चित्र बघताना घरट्यात पिल्लांना भरवणारी पक्षीण आठवावी, आणि माणूस राबतो तो या जिवांना खाऊ घालायला. तो स्वतः नॉर्मंडीतल्या ग्रुशी गावच्या शेतकऱ्याचा मुलगा, पुढे बार्बिझाँला राहिला आणि त्याला नऊ मुलं होती, त्यामुळे हे सगळं त्याच्या घरातलंच.

आमच्याकडेही असंच होतं. आई ओट्यावर आम्हा तिघांना एकाच ताटातून भरवायची आणि बाबा म्हणजे लांबून येणारा विहिरीच्या मोटारीचा आवाज. रात्री लाइट आली की दारं धरायला जायचे, आम्ही उठायच्या आत परत शेतात.

मग मिलेचंच 'पहिली पावलं' बघितलं. त्यात बाप पुढे आलाय, फावडं जमिनीवर पडलंय, बाजूला ढकलगाडी तशीच, आणि हा गुडघ्यावर बसून दोन्ही हात पसरून बाळाला बोलावतोय, पलीकडे आई बाळाला धरून वाकलीय. याच चित्राचा काळापांढरा फोटो थिओनं आपल्या चित्रकार भावाला, व्हिन्सेंट व्हॅन गॉगला पाठवला होता. व्हिन्सेंट तेव्हा फ्रान्समधल्या सां-रेमीच्या मनोरुग्णालयात होता, तिथं त्या पानगळीत आणि हिवाळ्यात त्यानं मिलेची २१ चित्रं आपल्या रंगात पुन्हा काढली. त्यानं काढलेलं 'पहिली पावलं' जानेवारी १८९० मधलं, तेव्हा थिओच्या बायकोला दिवस गेलेले आणि ३१ तारखेला मुलगा झाला, त्याचं नावही व्हिन्सेंटच ठेवलं. स्वतःचं मूलबाळ नसलेल्या माणसानं ते पसरलेले हात किती मायेनं रंगवलेत, कुंपणावर वाळत घातलेलं पांढरं धुणंसुद्धा सोडलेलं नाही.

संध्याकाळी न राहवून आईला फोन केला, विचारलं मी पहिल्यांदा कुठं चालले गं? म्हणाली, "उसाच्या बांधावर. तुझ्या बाबांनी हातातलं फावडं टाकलं नि पळत आले, आणि सगळं पाणी भलत्याच सरीत गेलं."