चित्रातले बाइंडर

गुलशन अल्बममधलं साधारण 1600 च्या आसपासचं एक पान आहे, जहांगीरचा अल्बम तो, पान आता वॉशिंग्टनच्या फ्रीअर गॅलरीत असतं, आणि मी ते नेटवर इतक्यांदा मोठं करून बघितलंय की विचारू नका. मधे सुंदर फारसी अक्षरं आहेत पण माझी नजर जाते समासाकडे, कारण तिथे पुस्तक बनवणारी माणसं बसलीयेत. एकजण कागद घोटतोय, एक कडा कापतोय, एक चामड्याच्या कव्हरवर ठसा मारतोय, आणि प्रत्येकजण आपल्या कामात पार बुडालेला. चित्रकार आणि बाइंडर दरबारच्या एकाच कारखान्यातले, त्यामुळे हे रोज शेजारी बसून पाहिलेलं काम आहे, आणि ते दिसतं.

आपल्या पोथ्या मुळात शिवायच्याच नाहीत ना, सुटी पानं, वरखाली लाकडी पाट्या आणि बाहेरून कापडाचं बासन. गुजरातेतल्या जैन पोथ्यांच्या तर त्या पाट्यांवरच चित्रं काढायचे, म्हणजे चित्रात बांधणी नाही, बांधणीवरच चित्र!

दुसरं माझं आवडतं चित्र जर्मनीतलं, 1568 चं, योस्ट अमान या चित्रकाराचं, लाकडी ठशावरून छापलेलं. पुढचा माणूस प्रेसमध्ये आवळलेल्या पुस्तकाच्या कडा तासतोय, मागचा शिवतोय. त्याचा प्रिंट मी इथे बडोद्यात युनिव्हर्सिटीजवळच्या आमच्या बाइंडर काकांना दाखवला, तर त्यांनी चष्मा वर करून आधी मागच्याच माणसावर बोट ठेवलं. "ताई, हा दोऱ्या ताणून त्यावर शिवतोय बघा, हे पुस्तक पूर्ण उघडणार. आता लोक बाजूने पिना मारून आणतात, मग मधलं वाचताच येत नाही." मी हे चित्र कितीदा पाहिलं असेल, पण त्या दोऱ्यांकडे असं कधी बघितलंच नव्हतं.

चित्राखाली हान्स साक्स या कवीच्या ओळी आहेत, बाइंडर स्वतःच बोलतोय: धार्मिक, संसारी, लहानमोठी सगळी पुस्तकं बांधतो, काहींच्या कडांना सोनं लावतो आणि त्यात चांगले पैसे सुटतात. हे ऐकून काका लगेच म्हणाले, "बरोबर आहे की, थीसिसच्या नुसत्या बांधणीत काय उरतं, गोल्डन अक्षरांचे वेगळे घेतो तेव्हा कुठे जमतं." आणि मग खळीत मोरचूद किती घालायचं, नाहीतर कसर कशी लागते, यावर अर्धा तास बोलत बसले.