खिलार, दुष्काळ आणि आमचे सर

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असं समितीचं पत्र आलं. शाळेवर लिहायचं म्हणजे मी इंग्रजीच्या सरांवरच लिहिणार. बाकीच्या गुरुजनांनी रागावू नये.

जुन्या कौलारू इमारतीतला आठवीचा वर्ग. खरसुंडीकडचा आमचा एक गडी बैलावरचा निबंध वाचत होता. खिलार ही ओढकामाची जात, म्हणून गाईडात ‘ड्राफ्ट ॲनिमल’ छापलेलं. पण स्पेलिंग ब्रिटिश वळणाचं, मधे जी-एच घातलेलं. गड्यानं ठणकावून वाचलं, ‘ड्राउट ॲनिमल’! ‘ड्राउट प्रोन’ हे आमच्या आटपाडी तालुक्याचं सरकारी विशेषणच, त्यामुळे अर्थ सगळ्यांना कळला आणि वर्ग खदखदून हसला. सर हसले नाहीत. म्हणाले, “खिलार दुष्काळातच टिकतो, त्याचं फार चुकलं नाही. पण हा शब्द तो नव्हे.”

मग फळ्यावर दोन्ही शब्द एकाखाली एक लिहिले. फरक एका अक्षराचा. ‘ओ’ असेल तो ‘ड्राय’चा भाऊबंद, म्हणजे कोरडा दुष्काळ. ‘ए’ असेल तो ‘ड्रॉ’च्या घरातला, ओढण्याचा, त्यातला जी-एच ‘लाफ’सारखा ‘फ’ म्हणायचा. बैल गाडी ओढतो तो ड्राफ्ट, खिडकीच्या फटीतून वारा आत ओढला जातो तो ड्राफ्ट, पाण्याचा घोट तोही ड्राफ्ट, आणि होडी पाण्यात जितकी बुडते ती खोलीसुद्धा ड्राफ्टच. घोट म्हणताना सरांनी खरोखर तांब्या उचलून पाणी प्यायलं. पत्राचा मसुदा आणि बँकेचा ड्राफ्ट मात्र इंग्लंडातही साध्या एफ-टीने लिहितात. अमेरिकेने तर भेदच मिटवला, सगळीकडे एफ-टी. तास संपला, मराठीचे सर दारात ताटकळले, तरी यांचा खडू थांबेना. असा माणूस पुन्हा पाहिला नाही.

पुढे मी आयटीआयला ‘ड्राफ्ट्समन सिव्हिल’ केलं. प्रमाणपत्रावर तेच जी-एचवालं स्पेलिंग! पाटबंधारे खात्यात आरेखक झालो, टेंभू योजनेच्या कालव्यांचे नकाशे काढले. कराडजवळ उचललेलं कृष्णेचं पाणी आमच्या माळावर आलं. ‘ए’च्या धंद्यात राहून ‘ओ’शी लढलास, असं सर म्हणाले असते. त्यांच्या हयातीत जाऊन सांगायला हवं होतं, ते राहिलं.

आता टी-स्क्वेअर आणि ट्रेसिंग पेपर गेले, नकाशे संगणकावर होतात. सॉफ्टवेअर अमेरिकन, त्यामुळे ऑफिसातल्या नव्या पोरांना जी-एच दाखवला की छपाईची चूक वाटते. स्पेलिंग तपासणारं यंत्रही ‘ए’च्या जागी ‘ओ’ पडला तर गप्प बसतं. त्याच्या लेखी दोन्ही शब्द शुद्धच.

सरांच्या नावाने आठवीसाठी इंग्रजी निबंधाचं बक्षीस ठेवतो आहे. रक्कम मुख्याध्यापकांशी बोलून ठरवू. अट एकच, गाईडातला निबंध चालणार नाही. आणि परीक्षकांनी स्पेलिंगवर लाल रेघ मारली, तर ती का मारली तेही लिहावं.