सोडवा मला

सकाळच्या तासाला मी नर्सिंगच्या थर्ड इयरच्या मुलींना विचारलं, "आजार बरा होणार नाही आणि पेशंट स्वतःच मागतोय, तर दयामरण द्यावं का?" ३१ पैकी २२ हात वर गेले. पहिला हात वर्गातल्या हुशार मुलीचा. "नेदरलँड्समध्ये २००२ पासून कायदा आहे, मॅडम."

"आहे. पण तिथे ते काम डॉक्टरांचं. कॅनडात २०१६ च्या कायद्याने नर्स प्रॅक्टिशनरलाही, म्हणजे जादा शिक्षण घेतलेल्या नर्सलाही, ते करता येतं. तू करशील?"

"करेन." वर्गात बसून मीही हेच म्हटलं असतं.

दुपारी तीच माझ्याकडे धावत आली. "मॅडम, सहा नंबरचे आजोबा मरण मागताहेत. सारखं 'सोडवा मला, सोडवा' म्हणताहेत."

अन्ननलिकेचा कॅन्सर, पसरलेला. आवाज जेमतेम. केसपेपरवर आता फक्त आराम द्यायचा, एवढंच ठरलेलं.

मी जाऊन चादर बाजूला केली. दोन्ही मनगटं पट्टीने कठड्याला बांधलेली. रात्री भ्रमात त्यांनी नाकातली नळी ओढली होती, म्हणून बांधलं. सकाळी ड्यूटी बदलली आणि सोडायचं राहून गेलं. मनगटांवर लाल वळ होते. सकाळी त्या बेडवरून मीही नजर फिरवून पुढे गेले होते, चादर न उचलता.

चार्ट पाहिला. दहाचा मॉर्फिनचा, म्हणजे दुखणं थांबवायच्या औषधाचा, डोस दिलेलाच नव्हता.

"श्वास मंद वाटला. मीच सिस्टरना म्हटलं, थोडं थांबू या," ती म्हणाली.

"किती होता?"

ती गप्प. घड्याळ धरून मी मोजला. मिनिटाला १८, मंद नव्हताच. मॉर्फिनने श्वास धोक्याइतका मंदावण्याआधी माणूस बहुधा गुंगीत जातो. आजोबा तर टक्क जागे होते, कपाळाला आठ्या घालून. दुखेपर्यंत वाट बघायची नाही, डोस घड्याळावर द्यायचा, हे सिसिली सॉन्डर्स यांनी लावून धरलं. त्याही मुळात नर्सच. १९६७ साली लंडनमध्ये त्यांनी हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या पेशंटना आराम देणारं रुग्णालय, उघडलं. हे मी आठवड्यापूर्वीच शिकवलं होतं, तिच्या वहीत अधोरेखितही असणार. सकाळी मरण द्यायला तयार असलेली मुलगी दहा वाजता दुखणं थांबवायला घाबरली होती. रागवावं असं वाटलं, पण बांधलेले हात मलाही दिसले नव्हते.

डॉक्टरांना कळवलं. सिस्टरनी नळीतून डोस दिला. पट्ट्या तिने सोडल्या. गाठ इतकी घट्ट की कात्री आणावी लागली. आजोबांनी आधी नाक खाजवलं, बराच वेळ. मग एक मनगट दुसऱ्या हाताने चोळत राहिले.

मी वाकून विचारलं, "आजोबा, हेच सोडवायचं होतं ना?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "हेही," म्हणाले.

तिने माझ्याकडे बघितलं. डोस लागू पडायला अर्धा तास तरी जाणार होता. पुढचं काही विचारायचं तर त्यानंतरच. मी तिला तसं सांगेपर्यंत तिने स्टूल ओढून घेतलं होतं.